शिंगाड्याचे बियाणे हिवाळ्यात घरी कसे जतन करावे

भंडारा व गोंदिया हे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून प्रसिद्ध आहेत. येथील तलावांच्या पाण्यावर धानाची शेती होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच तलावांत शिंगाड्याचे पीक घेऊन ढिवर, भोई, कहार आदी समाजांतील अनेक कुटुंबे वर्षातील काही महिन्यांचा निर्वाह करतात, याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. या पिकासंबंधी सल्ला विचारला जातो तो बहुधा लावणीच्या वेळी किंवा पानांवर भुंगेरे पडल्यावर. वास्तविक पुढील हंगामाचे भवितव्य त्याच्या कितीतरी आधी, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत, घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका पाण्याच्या रांजणात ठरत असते. त्या रांजणातील बी जगले तर वेल घरचे. ते नासले तर उन्हाळ्याच्या अखेरीस दुसऱ्याकडून वेल विकत घेणे भाग पडते, आणि त्या वेळी हाती पैसा नसल्यामुळे ते बहुधा उधारीवर घ्यावे लागतात. अशी उधारी घेणाऱ्याचा माल पुढे कोणत्या भावाने आणि कोणाच्या हाती जातो, हे तलावावर काम करणाऱ्यांस सांगावयास नको.

शिंगाडा ही तलावाच्या पाण्यावर तरंगणारी, एका वर्षात आपले आयुष्य संपविणारी वनस्पती होय. फळे काढून झाली की वेल कुजून जातो. हळद-आल्याप्रमाणे जमिनीत राहणारा कंद तिला नाही. म्हणून थंडीचे महिने ही वनस्पती केवळ आपल्या फळाच्या रूपाने जिवंत असते. फळ जपणे म्हणजेच वनस्पती जपणे.

येथे धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याची नेहमीची सवय आड येते. धानाचे बी उन्हात चांगले वाळवून, त्यातील ओलावा शेकडा १२-१३ पर्यंत खाली आणून कोठीत भरावयाचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो आहोत आणि ते योग्यच आहे. शिंगाड्याच्या बाबतीत मात्र हाच नियम घातक ठरतो. त्याच्या बियांत ओलावा भरपूर असतो आणि तो निघून गेला की आतील अंकुर मरतो. एकदा मेलेले बी पुन्हा कितीही दिवस पाण्यात भिजत घातले तरी उगवत नाही. उपवासाच्या पिठासाठी वाळविलेला शिंगाडा खाण्यास उत्तम. बियाणे म्हणून त्याची किंमत शून्य. बाजारातून वाळलेले शिंगाडे आणून पेरण्याचा खटाटोप कोणी करीत असल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास वेळीच परावृत्त करावे.

निसर्गात काय घडते ते पाहिले म्हणजे रांजणाचे मर्म ध्यानात येईल. पिकलेले फळ देठापासून सुटून तळाशी जाते व चिखलात रुतून बसते. वरची साल कुजून गेल्यावर आतले कठीण काळे कवच तेवढे उरते. त्या कवचाच्या आत बी थंडीभर विश्रांती घेते आणि पाणी तापू लागल्यावर कोंब टाकते. काश्मीरमधील वुलर सरोवराच्या परिसरात हिवाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक असतो, तरीही तेथे शिंगाडा आपोआप वाढतो. यावरून हे उघड होते की, थंडी ही या बियांची शत्रू नव्हे. कोरडेपणा ही खरी शत्रू होय.

मग बी तलावातच का राहू देऊ नये? असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात व तो रास्त आहे. ज्या तलावात बारमाही पाणी टिकते तेथे खाली पडलेल्या फळांतून काही वेल आपोआप उगवतातही. परंतु आपले बहुतेक तलाव सिंचनासाठी बांधलेले आहेत. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, तरी मालगुजारी तलाव हे नाव अद्याप टिकून आहे; मात्र त्यांपैकी कित्येकांत गाळ साचल्यामुळे पाणी पूर्वीइतके टिकत नाही. पाणी ओसरले की काठाचा चिखल भेगाळतो आणि त्यातील बी मरून जाते. शिवाय तलावात पडलेल्या फळांत चांगल्या-वाईटाची निवड झालेली नसते. उशिराची, बारीक व रोगट वेलांवरील फळेच बहुधा मागे राहतात, आणि अशाच बियांपासून वर्षानुवर्षे वेल धरीत गेल्यास फळाचा आकार लहान होत गेला तर नवल नाही.

निवडीचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढची सारी काळजी निवड चुकल्यास व्यर्थ जाते. पहिल्या तोडणीचा कोवळा, गोड शिंगाडा बियाण्यास चालत नाही. त्यातील गर पाणचट असतो. अगदी शेवटच्या तोडणीचा मालही घेऊ नये. मधल्या तोडण्यांच्या वेळी, साधारणतः नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, ज्या वेलांची पाने भुंगेऱ्यांनी खाल्लेली नाहीत आणि ज्यांवर मोठी व सारखी फळे धरली आहेत असे वेल आधीच हेरून ठेवावेत. त्यांवरील काही फळे पूर्ण पिकू द्यावीत. पिकलेल्या फळाची साल काळपट होते, गर कठीण होतो आणि हात लावताच फळ देठापासून सहज सुटते. अडचण एवढीच की नेमके हेच फळ बाजारात नजरेत भरते आणि विकण्याचा मोह होतो. बियाण्यापुरती फळे तोडणीच्या दिवशीच वेगळ्या टोपलीत घालावीत. संध्याकाळी उरलेल्यांतून निवडू म्हटल्यास निवडण्याजोगे काही उरत नाही.

घरी आणल्यावर ही फळे पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात सोडावीत. भरीव, पिकलेली फळे तळाशी बसतात. पोकळ, कोवळी अथवा किडलेली वर तरंगतात. तरंगणारी निःशंकपणे काढून टाकावीत. निवडीची ही रीत फुकटची आहे व तिच्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

साठवणीस मातीचा रांजण किंवा मोठा माठ चांगला. सिमेंटची टाकी अथवा प्लॅस्टिकचे पिंपही चालते; मात्र ज्यात कीटकनाशक किंवा तणनाशक भरलेले होते असे पिंप कितीही धुतले तरी या कामी वापरू नये. भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंतच फळे भरावीत आणि त्यांच्यावर निदान एक वीत पाणी राहील असे पाहावे. पाणी तलावाचे गाळून घेतलेले किंवा विहिरीचे असावे. नळाच्या पाण्यास औषधाचा वास येत असल्यास ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे.

मातीच्या भांड्याचा एक गुण तोच दोष आहे. ते पाझरते, त्यामुळे पाणी थंड राहते. परंतु पाण्याची पातळीही रोज थोडीथोडी उतरते. पाहता पाहता वरच्या थरातील फळे उघडी पडतात, कोरडी होतात, आणि रांजणात पाणी दिसते आहे या समाधानात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीची खूण रांजणाच्या आतील बाजूस कोळशाने करून ठेवावी व पाणी त्या खुणेखाली जाऊ देऊ नये.

रांजण घरात किंवा पडवीत, सावलीच्या जागी ठेवावा. उघड्या अंगणात दिवसा उन्हाने पाणी तापते, त्यात शेवाळ धरते आणि गुरांचे तोंडही लागते. चुलीजवळची उबदार जागाही टाळावी. आपल्या भागात पौष महिन्यात काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा रांजण उबेला ठेवण्याची कल्पना दयाबुद्धीने सुचते. पण उबेने बियांची विश्रांती लवकर मोडते, पाणी लवकर नासते आणि लावणीला तलाव तयार नसताना कोंब बाहेर पडतात. तोंडावर घट्ट झाकण न बसविता पातळ कापड बांधावे, म्हणजे हवा खेळती राहते व डासही अंडी घालीत नाहीत.

पाणी बदलणे हे या सर्व कामांत अधिक महत्त्वाचे असून त्यातच अधिक हयगय होते. बी निपचित पडलेले दिसले तरी ते जिवंत आहे. ते श्वासोच्छ्वास करते व त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेते. त्याच वेळी फळाची बाहेरची साल कुजत असते आणि ही कुजण्याची क्रियाही तोच प्राणवायू वापरून टाकते. साठ्यातले पाणी काळे पडून त्यास दुर्गंधी येऊ लागली, म्हणजे प्राणवायू संपत आला आहे असे समजावे. अशा पाण्यात बी गुदमरते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साल कुजण्याचा वेग मोठा असल्यामुळे दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. त्या वेळी फळे हाताने हलकेच चोळून सुटलेली साल काढून टाकावी. काटे बोचतात, म्हणून हातास जुने कापड गुंडाळावे. कवच स्वच्छ झाल्यावर आठवड्यातून एकदा पाणी बदलले तरी पुरे. आठवड्याचा बाजारवार हाच त्यासाठी ठरवून टाकल्यास विस्मरण होत नाही. हे काम बहुतेक घरांतून स्त्रियाच करतात. तेव्हा या विषयावरील बैठक केवळ पुरुषांची घेऊन कार्यकर्त्यांनी समाधान मानू नये.

पाणी बदलताना मऊ झालेले, दाबल्यावर आतून पांढरट-करडा द्रव बाहेर येणारे फळ ताबडतोब वेगळे करावे. जानेवारीच्या मध्यास एकदा परीक्षा घ्यावी. रांजणाच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून मिळून २० फळे काढून ती चिरून पाहावीत. गर पांढरा व टणक असेल तर बी जिवंत आहे. पिवळा, करडा किंवा चिकट असल्यास गेलेले आहे. २० पैकी पाच-सहा खराब निघाली तर त्या हिशेबाने वेल कमी मिळतील, आणि उणीव भरून काढण्यास शेजारच्या गावी चौकशी करण्यास अजून वेळ असतो. ही २० फळे वाया जातात खरी, परंतु मे महिन्यात सारा हिशेब चुकण्यापेक्षा ते परवडते. सर्व बी एकाच रांजणात न ठेवता दोन-तीन भांड्यांत विभागून ठेवावे. मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद असल्यास ही भांडी निरनिराळ्या घरी ठेवणे अधिक सुरक्षित.

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी फळाच्या शेंड्यावरील छिद्रातून कोंब डोकावू लागतो. शिंगाड्याच्या दोन बीजदलांपैकी एक अगदी लहान असते. दुसरे मोठे, पिठाने भरलेले असून ते कवचातच राहते व कोवळ्या रोपास अन्न पुरविते. म्हणून कोंब आल्यावर फळ तोडून टाकू नये. कोंब ठिसूळ असतो. ओल्या गोणपाटात फळे सैल गुंडाळून, ऊन चढण्यापूर्वी, दीड-दोन फूट पाणी टिकेल अशा लहान बोडीत किंवा मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात ती सोडावीत. बोडीत कासव किंवा गवत खाणारे मासे नसावेत; असल्यास बांबूच्या तट्ट्याचे कुंपण घालावे. पुढे वेल हातभर वाढले म्हणजे पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवावे, कारण मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने बोडीचे पाणी झपाट्याने आटते. ते एक फुटाखाली जाऊ लागल्यास विहिरीचे पाणी सोडण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी, आणि तलावात पावसाचे पाणी येऊन लावणी सुरू होईपर्यंत ती चालू ठेवावी.