मासे आणण्यापूर्वीं

काचेच्या पेटींत खारें पाणी भरून त्यांत समुद्रांतील रंगीत मासे पाळण्याची हौस मोठी मोहक खरी. पण तिचा पहिला अनुभव बहुधा दुःखद होतो. पेटी नवी, पाणी स्फटिकासारखें. आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच एकेक मासा पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतो. वडील मंडळी म्हणतात दृष्ट लागली, मुलें दुकानदाराला बोल लावतात. वास्तविक त्या निर्मळ पाण्यांत माशांचें विष पचविणारें अद्याप कोणीच नसतें.

खाल्लेल्या अन्नांतील नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें बाहेर टाकतो. उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. समुद्रांत तो कोठच्या कोठें विरून जातो, पेटींत मात्र सांचतो. त्यांतून खारें पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यांत अमोनियाचा अधिक विषारी असा मुक्त अंश वाढतो.

या विषाचा परिहार कसा होतो, हें १८७७ सालीं श्लेझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें. वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून त्यांनीं गटाराचें पाणी सावकाश झिरपूं दिलें. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच क्रिया थांबली, आणि पुढें बागेंतील मातीचें धुवण घातल्यावर पुन्हां सुरू झाली. अर्थात् काम सजीवांचें होतें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीनें ते जंतु वेगळे काढले. एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचें नायट्रेट. २००५ सालीं तर सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयांतील एका खाऱ्या टाकींतूनच आर्किया या निराळ्या कुळांतला अमोनियाभक्षक सूक्ष्मजीव हातीं लागला.

नव्या पेटींतही तेच वीस दिवस, किंबहुना चार ते सहा आठवडे, काढावे लागतात. पंप चालू ठेवून, मासा न सोडतां, कोळंबीचा लहानसा तुकडा पाण्यांत कुजूं द्यावा. ज्या घरांत कोळंबीला मज्जाव असेल तेथें बेताचें अमोनियम क्लोराइड घालावें. जंतूंना सोंवळें-ओंवळें नाहीं. तपासणीच्या द्रावणांनीं पाणी पाहत जावें. प्रथम अमोनिया चढून उतरतो, मागोमाग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसलें, म्हणजे पेटी सिद्ध झाली. जुन्या निरोगी पेटींतला एखादा दगड विरजणासारखा घातल्यास हा काळ पुष्कळ आंखडतो. नायट्रेट मात्र वेळोवेळीं पाणी बदलूनच काढावें. सच्छिद्र दगडांच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें कांहीं जंतु त्याचा नायट्रोजन वायु करतात, पण तेवढ्यावर विसंबूं नये.

जंतूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या मानानेंच वाढते. म्हणून प्रथम एक-दोनच मासे सोडावे. आणि स्वच्छतेची फार आवड असलेल्या घरांस एक विनंती: गाळणींतला स्पंज नळाखालीं घासूं नये, कारण नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंना मारतो. पेटींतून काढलेल्या पाण्यांतच तो हलके खळबळून घ्यावा.