फुप्फुसातला चावीवाला

या भागाचं नाव नेमकं काय, यावर पाट्यांचंही एकमत नाही. कुठं घोडपदेव लिहिलेलं, तर कुठं घोरपदेव. देवाची क्षमा मागून सांगतो, रात्री दोन वाजता इथल्या एखाद्या जुन्या चाळीच्या गॅलरीतून चक्कर मारली, तर दुसरं नाव जास्त पटतं. मे महिन्यात अर्धी चाळ दार उघडं टाकून झोपते आणि कोण कसं घोरतं हे मजल्यावर सगळ्यांना पाठ असतं.

त्यातलं एखादं घोरणं जरा लक्ष देऊन ऐका. करवत चालल्यासारखा आवाज चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. पाच सेकंद, दहा, वीस. शेजारी मनात म्हणतो, सुटलो एकदाचे. मग अचानक हिसका बसतो, घशातून फर्रकन आवाज येतो, माणूस कूस बदलतो आणि करवत पुन्हा सुरू.

त्या वीस सेकंदांत काय घडलं? छाती हलत होती, पोटही हलत होतं, पण हवा आत जात नव्हती. झोपेत घशाचे स्नायू सैलावले, जीभ मागं घसरली आणि श्वासाची वाट मिटली. हाच स्लीप ॲप्निया. निदान दहा सेकंद श्वास अडला की तो एक झटका धरतात. तासाला असे पाचाहून अधिक झटके आले तर तो आजार, आणि तीसच्या वर गेले तर गंभीर आजार. तासाला तीस, म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा गळा दाबून सोडल्यासारखं! आणि सकाळी माणूस सांगतो काय, तर ‘झोप झाली, पण अंग जड आहे.’

घसा, घोरणं, दिवसा येणाऱ्या डुलक्या याबद्दल बरंच बोललं जातं. मला मात्र थक्क करतं ते त्याच वीस सेकंदांत फुप्फुसाच्या आत, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रक्तवाहिन्यांत चाललेलं नाट्य.

आधी जागा पाहून घेऊ. आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, म्हणजे हवेचे इवलेसे फुगे. सगळे उलगडून अंथरले तर दहा बाय बाराच्या सहा खोल्या भरतील. एवढा संसार छातीत घडी घालून ठेवलेला! प्रत्येक फुग्याभोवती रक्ताची जाळी. रक्तपेशी त्या जाळीत पाऊण सेकंदच थांबते, तेवढ्यात ऑक्सिजन उचलते आणि पुढं जाते. शरीरातलं सगळंच्या सगळं रक्त, मिनिटाला सुमारे पाच लिटर, या जाळीतून जातं. आणि दाब किती? दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो १२०/८० मोजतात, तो हृदयाच्या डाव्या बाजूचा. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब साधारण २५/१० असतो. त्यामुळे उजव्या कप्प्याची भिंतही पातळ असते, डाव्याच्या जेमतेम एक तृतीयांश. हलकं काम, म्हणून हलका गडी.

आता खरी गंमत. पायाच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडला तर तिथल्या रक्तवाहिन्या काय करतात? रुंदावतात. रक्त जास्त पाठवा, इथं तुटवडा आहे! मेंदूतही तसंच, हृदयातही तसंच. फुप्फुसात मात्र बरोबर उलटं होतं. जिथं ऑक्सिजन कमी, तिथली वाहिनी आवळते.

हे वेड्यासारखं वाटतं ना? १९४६ साली स्टॉकहोममध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलियेस्ट्रांड यांनी मांजरांना कमी ऑक्सिजनची हवा दिली आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढताना पाहिला. फॉन ऑयलर यांना पुढं १९७० मध्ये नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. पण या उलट्या चालीचा अर्थ त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

तो अर्थ समजायला घोडपदेवच्या रहिवाशाला प्रयोगशाळा नको, पालिकेचा चावीवाला पुरे. माझगावच्या टेकडीवरच्या भंडारवाडा जलाशयातून पाणी निघतं, आणि कुठल्या गल्लीला किती वेळ सोडायचं हे रस्त्यातल्या झाकणाखालची चावी फिरवणारा माणूस ठरवतो. समजा एका चाळीची टाकीच फुटली आहे. तिथं पाणी सोडून उपयोग काय? शहाणा चावीवाला ती चावी आवळतो आणि तेच पाणी धड टाकी असलेल्या चाळींकडे वळवतो.

फुप्फुस नेमकं हेच करतं. न्यूमोनियानं एक कोपरा भरला, कफाचा बेडका एखाद्या नळीत अडकला, तर त्या भागात हवा पोचत नाही. तिथून गेलेलं रक्त ऑक्सिजन न घेताच परतेल. म्हणून तिथली वाहिनी काही सेकंदांतच आकसायला लागते आणि रक्त निरोगी भागाकडे वळतं. छातीच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ एक फुप्फुस मुद्दाम बंद ठेवतात, तेव्हा रुग्णाला तारणाऱ्या गोष्टींत हा चावीवाला मोठा.

बरं, त्याला हुकूम कोण देतं? वॉर्ड ऑफिसातून फोन येत असेल, मेंदूकडून मज्जातंतू येत असतील, असं वाटणं साहजिक आहे. पण कुणाचाच फोन येत नाही! फुप्फुस शरीराबाहेर काढून यंत्रावर जिवंत ठेवलं तरी ते हे करतं. त्याहून पुढं, त्या वाहिनीच्या भिंतीतली एकटी स्नायुपेशी काचेच्या ताटलीत ठेवली आणि ऑक्सिजन कमी केला, तरी ती एकटी आकसते. पेशीच्या आतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना तुटवड्याची चाहूल लागते, पोटॅशियमचे दरवाजे मिटतात, कॅल्शियमचे उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आवळते. चावीवाला, चावी आणि पाण्याचा अंदाज, सगळं एकाच पेशीत.

आणि ही विद्या आपण जन्माआधीपासून वापरतो. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं. तिथं रक्त पाठवून काय करायचं? म्हणून नऊ महिने या वाहिन्या आवळलेल्या असतात आणि बहुतेक रक्त आडवाटेनं जातं. बाळ बाहेर येतं, ट्यांहां करतं, पहिली हवा आत शिरते आणि आयुष्यात प्रथमच सगळ्या चाव्या एकदम सैल होतात. प्रसूतिगृहात सगळे पेढ्यांच्या गडबडीत असतात, तेव्हा आत हा सोहळा चाललेला असतो.

मग बिघडतं कुठं? चावीवाल्याची अक्कल एक चाळ बिघडल्यावर चालते, सगळ्या बिघडल्यावर नाही. रात्री घसाच मिटला की एकाही वायुकोशात नवी हवा येत नाही. प्रत्येक वाहिनीला वाटतं, आपलीच टाकी फुटली. जो तो आपापली चावी आवळतो. रक्त वळवायला चांगली गल्लीच उरत नाही. मोठ्या लाइनीवर दाब चढतो आणि तो सोसायचा कुणी? त्या पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यानं. त्यात माणूस बंद घशाशी झगडत श्वास ओढत असतो. चिमटलेल्या नळीतून उसाचा रस ओढून बघा, गाल आत जातात. इथं छातीच्या आत तशी ओढ बसते आणि हृदयही ताणलं जातं.

श्वास मोकळा झाला की दाब उतरतो. पुन्हा घसा मिटला की पुन्हा चढतो. रात्रीत दोनशे वेळा. एक-दोन रात्रींनी काही होत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं, तर काही जणांत वाहिन्यांच्या भिंती जाड व्हायला लागतात. व्यायामानं दंड फुगावा तशी स्नायूची परत वाढते आणि आतली वाट बारीक होते. यामागचा एक सूत्रधार म्हणजे एचआयएफ नावाचं प्रथिन. ऑक्सिजन भरपूर असताना पेशी ते बनवते आणि काही मिनिटांत मोडून टाकते. तुटवडा आला की मोडणं थांबतं, ते साठतं आणि शेकडो जनुकं जागी करतं. त्याचा शोध लावणाऱ्या ग्रेग सेमेन्झा यांच्या प्रयोगशाळेनं १९९९ मध्ये दाखवलं, की एचआयएफच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांना विरळ ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तर त्यांच्या फुप्फुसातला दाब इतर उंदरांइतका चढत नाही. सेमेन्झा यांना रॅटक्लिफ आणि केलिन यांच्यासोबत २०१९ चं नोबेल मिळालं.

घाबरवायचा हेतू नाही. घोरणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही. ॲप्निया असलेल्यांतही फुप्फुसातला दाब वाढतो तो काही जणांतच, आणि बहुधा बेतानं. ज्यांचा ऑक्सिजन दिवसाही कमी असतो त्यांना धोका जास्त. फार स्थूल असलेले आले, आणि विडी-सिगारेटनं किंवा चुलीच्या धुरानं फुप्फुस आधीच झिजलेले आले. गिरण्यांच्या आणि गोद्यांच्या या पट्ट्यात शेवटच्या गटातली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

आजार मात्र दुर्मीळ मुळीच नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना प्रश्नावली दिली आणि त्यातल्या २५० जणांची घरी रात्रभर झोप मोजली. २००४ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: श्वास अडण्याचा दोष १९.५ टक्क्यांत, आणि दिवसा पेंग येण्यासकट पुरता आजार ७.५ टक्क्यांत. ही रुग्णालयात तपासणीला येऊ शकणारी मंडळी. ओझी उचलून दमून झोपणाऱ्या आपल्या मजल्यावर कोण मोजायला आलंय?

आता शेवटचं आश्चर्य, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. हे बरंचसं उलटतं. १९९० मध्ये डॉ. इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये भारतीय जवानांबद्दल लिहिलं. ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर काही आठवडे राहिल्यावर त्यांच्या हृदयाची उजवी बाजू थकली होती, अंगावर सूज आली होती. खाली आणल्यावर ते बरे झाले. तिथं सगळ्याच टाक्या फुटल्या होत्या त्या विरळ हवेमुळे. घसा मिटणाऱ्या माणसाचं अंथरूण समुद्रसपाटीला असतं, एवढाच फरक.

त्याआधी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बालहृदयतज्ज्ञ जॅकलिन नूनन यांनी दोन मुलांची हकीकत छापली होती. मुलांचं हृदय उजव्या बाजूनं निकामी होत चाललं होतं. दोष हृदयात नव्हताच, होता घशात. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी इतक्या वाढलेल्या की श्वासाची वाटच बुजली होती. गाठी काढल्या आणि हृदय सावरलं! मोठ्यांसाठी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती काढली. आजचं सीपॅप यंत्र तेच. ते नेमानं लावलं तर काही महिन्यांत फुप्फुसातला चढलेला दाब उतरल्याचं मोजलेलं आहे.

तेव्हा आज रात्री शेजारचं घोरणं मध्येच तुटलं, तर उशी कानावर घेऊ नका. घड्याळाकडे बघा आणि सेकंद मोजा. दहाच्या पुढं गेले आणि असं पुन्हा पुन्हा झालं, तर मोबाइलवर टेप करून ठेवा आणि सकाळी काकांना ऐकवा. ते म्हणतील, मी घोरतच नाही. टेप घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.