डॅब रेडिओचे घरातील संकेतग्रहण आणि अँटेना

डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग, संक्षेपाने डॅब, ही ध्वनी कार्यक्रमांचे अंकीय स्वरूपात भूस्थित प्रक्षेपण करण्याची पद्धत आहे. ती युरोपातील अनेक देशांत व ऑस्ट्रेलियात वापरली जाते. या पद्धतीचा संकेत घरात किती खात्रीने मिळेल, हे प्रक्षेपकाचे अंतर, भूरचना, घराचे बांधकाम आणि परिसरातील विद्युत गोंगाट यांवर अवलंबून असते. या घटकांपैकी फारच थोडे श्रोत्याच्या हाती असतात. अँटेना अर्थात आकाशक, त्याची जागा आणि त्याला जोडलेली केबल मात्र त्याला बदलता येतात. म्हणूनच कमकुवत संकेताच्या क्षेत्रात योग्य अँटेना हा ग्रहण सुधारण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

पार्श्वभूमी

डॅब पद्धतीचा विकास १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'युरेका १४७' या युरोपीय प्रकल्पातून झाला. बीबीसीने सप्टेंबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नियमित डॅब प्रसारण सुरू केले. पुढे अधिक कार्यक्षम ध्वनिसंकोचन वापरणारी डॅब प्लस ही सुधारित आवृत्ती २००७ मध्ये प्रमाणित झाली. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण टप्प्याटप्प्याने बंद केले. तेथील अनेक स्थानिक केंद्रे मात्र एफएमवर चालू राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीस आपले एफएम प्रसारण थांबवले.

जेथे एफएमचा पर्याय उरलेला नाही, तेथे घरातील डॅब ग्रहणाला केवळ करमणुकीपुरते महत्त्व राहत नाही. वादळ, पूर किंवा वीजपुरवठा खंडित होण्याच्या काळात इंटरनेट व मोबाइल सेवा बंद पडू शकतात. अशा वेळी बॅटरीवर चालणारा रेडिओ हे अधिकृत सूचना मिळवण्याचे साधन असते. दरीत, तळघरात किंवा जाड दगडी भिंतींच्या घरात राहणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने अँटेनाची निवड त्यामुळे व्यावहारिक गरजेची बाब ठरते.

अंकीय संकेताची मर्यादारेषा

एफएम रेडिओचा संकेत क्षीण होत गेला की आवाजात खरखर हळूहळू वाढते. कार्यक्रम त्रासदायक वाटला तरी समजतो. डॅबचे वर्तन वेगळे असते. प्रक्षेपित माहितीत त्रुटिसुधारणेची तरतूद असल्याने संकेत बराच घटला तरी आवाजात काहीही फरक जाणवत नाही. त्रुटींचे प्रमाण सुधारण्याच्या क्षमतेपलीकडे गेले, की अवघ्या काही डेसिबलच्या फरकात आवाज तुटू लागतो आणि मग पूर्णपणे बंद पडतो. जुन्या डॅब प्रसारणात या टप्प्यावर पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येतो. डॅब प्लसमध्ये बहुधा थेट शांतता पसरते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की संकेत मर्यादारेषेच्या जवळ असेल तर दोन-तीन डेसिबलची सुधारणादेखील निर्णायक ठरते. दुसरा असा, की संकेत मुळातच पुरेसा असेल तर चांगल्या अँटेनामुळे आवाजाचा दर्जा वाढत नाही. तो दर्जा प्रसारकाने त्या वाहिनीला दिलेल्या बिटदरावर व ध्वनिसंकोचनाच्या पद्धतीवर ठरतो.

वारंवारता आणि अँटेनाची लांबी

डॅब प्रक्षेपण 'बँड ३' या पट्ट्यात, म्हणजे १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या दरम्यान होते. हा पट्टा सुमारे १.५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या खंडांत विभागलेला असून एका खंडात अनेक वाहिन्यांचा एकत्रित संच पाठवला जातो. या संचाला मल्टिप्लेक्स म्हणतात. बीबीसीचा राष्ट्रीय मल्टिप्लेक्स १२बी या खंडात, २२५.६४८ मेगाहर्ट्झवर आहे. एका मल्टिप्लेक्समधील सर्व वाहिन्या एकाच संकेतातून येत असल्याने त्या एकत्र मिळतात किंवा एकत्र गायब होतात. काही वाहिन्या नीट ऐकू येतात आणि काही अजिबात येत नाहीत, तेव्हा त्या बहुधा वेगवेगळ्या मल्टिप्लेक्समधील असतात.

अँटेनाची लांबी तरंगलांबीशी जुळलेली असावी लागते. २२५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १.३३ मीटर असते. अर्धतरंग द्विध्रुव अँटेनाची प्रत्यक्ष लांबी सैद्धांतिक अर्ध्या तरंगलांबीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी ठेवतात. १४२.५ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले असता ही लांबी मीटरमध्ये मिळते. त्यानुसार २२५ मेगाहर्ट्झसाठी ती ६३ सेंटिमीटर येते, म्हणजे प्रत्येक भुजा सुमारे ३२ सेंटिमीटरची. एफएम पट्ट्यातील ९८ मेगाहर्ट्झसाठी हेच मोजमाप सुमारे १.४५ मीटर होते. म्हणून एफएमसाठी बनवलेला अँटेना डॅबसाठी आदर्श नसतो. अतिउच्च वारंवारतेच्या दूरचित्रवाणीसाठीचा छतावरील अँटेनाही या पट्ट्यासाठी आखलेला नसतो.

ध्रुवण

ब्रिटनमधील डॅब प्रक्षेपण ऊर्ध्व ध्रुवणाचे असते. म्हणजे तरंगातील विद्युत क्षेत्र जमिनीशी काटकोनात कंप पावते. घरातील अँटेनाही म्हणूनच उभा असावा. संचाची सरकती दांडी आडवी किंवा तिरपी ठेवल्यास मिळणारा संकेत घटतो. घरात भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनांमुळे ध्रुवण काहीसे बदलते, त्यामुळे दांडीचा कोन थोडा बदलून पाहणे उपयुक्त ठरते. सुरुवात मात्र उभ्या स्थितीपासून करावी. चांगल्या ग्रहणासाठी दांडी पूर्ण लांबवणे नेहमीच आवश्यक नसते. सुमारे ३२ सेंटिमीटर ही चतुर्थांश तरंगाची लांबी प्रयोगाला योग्य आरंभबिंदू देते.

जागेचे महत्त्व

खोलीत थेट आलेला आणि परावर्तित झालेला संकेत एकमेकांत मिसळून काही ठिकाणी प्रबल, तर काही ठिकाणी क्षीण होतो. दोन क्षीण बिंदूंमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे ६५ ते ७० सेंटिमीटर असू शकते. त्यामुळे रेडिओ जेमतेम ३० सेंटिमीटर सरकवल्यानेही ग्रहण सुधारू शकते.

प्रक्षेपकाच्या दिशेची खिडकी आणि वरचा मजला या जागा सामान्यतः अनुकूल असतात. याला अपवाद आहेत. ऊर्जाबचतीसाठी धातूचा सूक्ष्म थर दिलेली काच, धातूचा पत्रा, तसेच भिंतीतील किंवा छतातील धातूचा पापुद्रा लावलेले उष्णतारोधक थर संकेत अडवतात. अशा घरात अँटेना माळ्यावर बसवूनही फायदा होत नाही. तो बाहेरच न्यावा लागतो. उंची वाढवल्याने आसपासच्या इमारती व झाडे यांचा अडथळा कमी होतो. साधारण त्याच खर्चात मोठ्या अँटेनापेक्षा अधिक उंचीवरील लहान अँटेना अनेकदा सरस ठरतो.

अँटेनाचे प्रकार

तारेचा द्विध्रुव: हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. प्रत्येकी ३२ सेंटिमीटरच्या दोन तारा एका उभ्या रेषेत ठेवून त्यांच्या मधल्या टोकांना समाक्ष केबल जोडतात. केबलची मधली तार एका भुजेला व बाहेरची जाळी दुसऱ्या भुजेला जोडली जाते. केबल भुजांना समांतर न सोडता शक्य तितके अंतर काटकोनात दूर न्यावी. अन्यथा ती अँटेनाच्या कार्यात व्यत्यय आणते. द्विध्रुवाचा रोध सुमारे ७३ ओहम असल्याने तो ७५ ओहमच्या केबलशी चांगला जुळतो.

बाह्य द्विध्रुव: भिंतीवर किंवा खांबावर बसवण्याचा हा तयार अँटेना असतो. उभा असताना तो क्षितिजाच्या सर्व दिशांकडून जवळपास सारखाच संकेत घेतो. तो धातूच्या खांबाला चिकटवून न बसवता आडव्या हाताच्या साहाय्याने दूर ठेवावा.

यागी-उडा अँटेना: जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उडा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२० च्या दशकात ही रचना विकसित केली. मुख्य द्विध्रुवामागे परावर्तक व पुढे दिग्दर्शक दांड्या असल्याने तो एका दिशेचा संकेत अधिक प्रमाणात घेतो. तीन घटकांचा यागी साध्या द्विध्रुवाच्या तुलनेत साधारण ४ ते ६ डेसिबल अधिक संकेत देऊ शकतो. प्रक्षेपक दूर व एकाच दिशेला असेल तेव्हा तो उपयोगी ठरतो.

डॅबमध्ये अनेक प्रक्षेपक एकाच वारंवारतेवर एकच मल्टिप्लेक्स पाठवू शकतात. प्रत्येक माहिती-चिन्हाआधी सुमारे २४६ मायक्रोसेकंदांचा संरक्षक अवधी असतो. या अवधीत प्रकाशवेगाने जाणारा तरंग सुमारे ७४ किलोमीटर अंतर कापतो. त्यामुळे वेगवेगळ्या प्रक्षेपकांकडून त्या मर्यादेत आगेमागे पोहोचणारे संकेत परस्परांना मारक न होता बहुधा पूरक ठरतात. अशा क्षेत्रात सर्व दिशांकडून ग्रहण करणारा साधा द्विध्रुव पुरेसा असतो. वेगवेगळे मल्टिप्लेक्स वेगवेगळ्या दिशांनी येत असतील, तर यागीमुळे काही वाहिन्या गमावण्याचीही शक्यता असते.

केबल व जोडण्या

अँटेनाने मिळवलेला संकेत केबलमध्ये वाया जाऊ नये. दुहेरी आवरणाच्या चांगल्या ७५ ओहम समाक्ष केबलमध्ये या वारंवारतेला १० मीटरमागे सुमारे १ डेसिबल ऱ्हास होतो. पातळ केबलमध्ये तो दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. सैल जोडणी, गंजलेली टोके आणि केबलमध्ये शिरलेले पाणी ही बाह्य अँटेना निकामी होण्याची नेहमीची कारणे आहेत. एकच अँटेना दोन संचांना विभागून दिल्यास प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडी कमी शक्ती येते.

सर्व संचांना बाहेरच्या अँटेनासाठी खोबण नसते. छोट्या संचांत केवळ सरकती दांडी असते, तर काही खिशातील संच हेडफोनच्या तारेचाच अँटेना म्हणून उपयोग करतात. दांडीला चिमट्याने तार जोडल्यास कधी सुधारणा होते, परंतु तिचे प्रमाण आधी सांगता येत नाही. कमकुवत क्षेत्रात नवा संच घेताना बाह्य अँटेनाची खोबण आहे की नाही, हे पाहणे म्हणून महत्त्वाचे असते.

प्रवर्धकाची मर्यादा

प्रवर्धक संकेतासोबत गोंगाटही वाढवतो आणि त्यात स्वतःच्या गोंगाटाची भर घालतो. म्हणून अँटेनापर्यंत न पोहोचलेला संकेत तो निर्माण करू शकत नाही. लांब केबलमधील किंवा विभाजकातील ऱ्हास भरून काढणे हे त्याचे खरे काम होय. त्यासाठी तो संचाजवळ न ठेवता अँटेनाजवळ बसवतात. प्रक्षेपक जवळ असल्यास प्रवर्धकामुळे संचावर अतिभार येऊन ग्रहण आणखी बिघडू शकते.

घरातील विद्युत गोंगाट

संकेत पुरेसा असूनही ग्रहण बिघडत असेल तर कारण घरातच असू शकते. निकृष्ट एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, संगणक आणि विजेच्या तारांतून इंटरनेट वाहून नेणारे जोडसंच या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात. एकेक उपकरण बंद करून पाहिल्यास दोषी उपकरण सापडते. बाहेरच्या अँटेनाचा मोठा फायदा संकेत वाढण्याइतकाच या गोंगाटापासून दूर जाण्यातही असतो. अँटेनाजवळ केबलवर फेराइटचे कडे बसवल्यास केबलच्या बाह्य आवरणावरून येणारा गोंगाट कमी होण्यास मदत होते.

तपासणीचा क्रम

१. प्रसारकाच्या व्याप्ती नकाशावर पत्ता तपासून अपेक्षित मल्टिप्लेक्स व प्रक्षेपकाची दिशा पाहावी.
२. संचाच्या पडद्यावर संकेताचा दर्जा दाखवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. संकेताच्या प्रबलतेपेक्षा त्रुटींचे प्रमाण अधिक विश्वसनीय असते.
३. दांडी उभी ठेवून संच खोलीत व खिडकीजवळ थोडाथोडा सरकवून पाहावा.
४. जवळची विद्युत उपकरणे एकेक करून बंद करावीत.
५. त्यानंतर तारेचा द्विध्रुव, माळ्यावरील अँटेना आणि शेवटी बाह्य अँटेना या क्रमाने उपाय करावेत.
६. प्रत्येक बदलानंतर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा.

व्याप्तीच पुरेशी नसलेल्या ठिकाणी एवढे करूनही ग्रहण होईलच असे नाही.

सुरक्षितता

बाह्य अँटेना वीजवाहक तारांपासून इतका दूर असावा, की तो पडला तरी त्यांना स्पर्श होणार नाही. छतावरील काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घेणे इष्ट असते. भूसंपर्कन व वीज कोसळण्यापासूनचे संरक्षण यांबाबत त्या-त्या देशाचे विद्युत नियम पाळावेत. गडगडाटी वादळाच्या काळात अँटेना किंवा त्याची केबल हाताळू नये.

भारतातील स्थिती

भारतात डॅबचे नियमित प्रसारण होत नाही, त्यामुळे ब्रिटन वा ऑस्ट्रेलियातून आणलेला डॅब संच येथे त्या पट्ट्यावर निरुपयोगी ठरतो. आकाशवाणीने अंकीय प्रसारणासाठी डिजिटल रेडिओ मोंडिआल अर्थात डीआरएम ही पद्धत स्वीकारली असून तिचा वापर मुख्यतः मध्यम लहरींवर होतो. १,००० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर असल्याने घरात चतुर्थांश तरंगाचा अँटेना शक्य नसतो; त्याऐवजी संचातील फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार वापरली जाते. ही कांडी दिशासंवेदी असल्याने तेथे दांडी ताठ करण्याऐवजी संपूर्ण संच फिरवून पाहावा लागतो. मर्यादारेषेचे तत्त्व, जागेचे महत्त्व आणि घरातील विद्युत गोंगाट टाळण्याची गरज या बाबी मात्र दोन्ही पद्धतींना सारख्याच लागू पडतात. किंबहुना मध्यम लहरींवर विद्युत गोंगाटाचा उपद्रव अधिक जाणवतो.