विजया, आर्द्रता आणि आपले भेषजागार

आषाढात भेषजागाराचे दार उघडताच येणारा कुबट वास कोकणातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. आपण तो पावसाचा वास समजून सोडून देतो. प्रस्तुत लेखक त्यास अपवाद नव्हता. परंतु विजयेच्या एका पोत्याने जो धडा दिला, तो आपल्या वैद्यबंधूंपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवणे कर्तव्य वाटते.

विजया अर्थात भांग हे द्रव्य भावप्रकाशाने तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, दीपन व पाचन म्हणून वर्णिले आहे. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण देताना अहिफेनासोबत हिचाच उल्लेख केला आहे. जातीफलादि चूर्णात तिचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे तिची प्रत बिघडली की संपूर्ण कल्प बिघडतो. या वनस्पतीला सर्वाधिक छळणारा शत्रू म्हणजे ओल. तिचा सखोल अभ्यास आज, विदेशांत का होईना, बंदिस्त खोल्यांतील लागवडीत झालेला आहे.

बंदिस्त लागवडीचा अनुभव

नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषधी विजया औषधालयांतून चिकित्सकाच्या पत्रावर मिळते, तर कॅनडात २०१८ मध्ये कायद्याने लागवड व विक्री खुली झाली. दोन्ही देशांत औषधी मालाचा मोठा भाग दिव्यांच्या प्रकाशात, चार भिंतींच्या आत पिकतो. तेथे पाऊस नाही. तरीही सर्वांत मोठी अडचण पाण्याचीच. मुळांना घातलेले जवळजवळ सर्व पाणी पाने बाष्परूपाने हवेत सोडतात. शेतात ते वारा घेऊन जातो. खोलीत ते खोलीतच राहते.

म्हणून तेथील लागवडदार वयोमानाप्रमाणे आर्द्रता बदलतात. कोवळ्या रोपांना मुळे अपुरी असल्याने सुमारे ७० टक्के, पानांच्या वाढीच्या काळात ५५ ते ६५ टक्के आणि फुलोऱ्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता राखतात. फुलोरा दाट व चिकट असल्याने त्याच्या गाभ्यात वारा शिरत नाही. बाहेरून निरोगी दिसणारे फूल आतून कुजलेले असू शकते.

दिवे मालवल्यानंतरचे तास

खरी हानी बहुधा रात्री होते. हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती धारण करते. २५ अंशांची संपृक्त हवा प्रति घनमीटर सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरते. १८ अंशांची केवळ साडेपंधरा ग्रॅम. खोलीत २५ अंशांना ६५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत सुमारे १५ ग्रॅम बाष्प आहे. दिवे मालवून तपमान १८ अंशांवर उतरले की तीच हवा जवळजवळ संपृक्त होते. पाण्याचा एक थेंबही न वाढता ६५ टक्क्यांचे ९७ टक्के होतात आणि पानाफुलांवर दव धरते. यास्तव जाणते लागवडदार रात्रीचे तपमान फार उतरू देत नाहीत, आर्द्रताशोषक यंत्र रात्री अधिक चालवतात आणि पाणी सकाळी घालतात.

भुरी आणि राखाडी बुरशी

नाशिककडील द्राक्ष बागायतदारांना ठाऊक असलेली भुरी विजयेवरही येते. हिचे वैशिष्ट्य असे की पान ओले नसतानाही ती रुजते. दमट हवा आणि कोंदटपणा तिला पुरतो. म्हणून रोपांत अंतर, खालच्या पानांची विरळणी आणि सतत हलकी हालणारी हवा हेच तिचे निवारण. याउलट राखाडी बुरशीला पृष्ठभाग काही तास ओला लागतो. ती फुलोऱ्याच्या गाभ्यात शिरते. ग्रासलेला भाग कापून दूर नेणे एवढाच उपाय तेथे शिल्लक उरतो.

येथे घाईचा उपाय अपायकारक ठरतो. २०१६-१७ मध्ये कॅनडात भुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या मायक्लोब्युटानिल या कीडनाशकाचे अंश सापडल्याने औषधी माल परत मागवावा लागला. द्राक्षावर चालणारे हे द्रव्य तापवले असता त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकते. निदानपरिवर्जन हीच श्रेष्ठ चिकित्सा, हे सूत्र वनस्पतीलाही लागू आहे.

वाळवण

तोडणीनंतर फुलोरा १५ ते २० अंश तपमानात, ५५ ते ६० टक्के आर्द्रतेत, अंधारात दहा ते चौदा दिवस सावकाश वाळवतात. घाईने वाळवल्यास बाहेरून कुरकुरीत व आतून ओला राहतो. डब्यात भरताच आतली ओल बाहेर येते. वाळलेल्या द्रव्याची परीक्षा तेथे जल-सक्रियतेवरून करतात, म्हणजे बुरशीला प्रत्यक्ष उपलब्ध होणारे पाणी किती, यावरून. मान्य पल्ला ०.५५ ते ०.६५. ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही.

आमच्या पोत्याची कथा

काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या औषधशाळेत जुलै महिन्यात परवानाधारक पुरवठादाराकडून वाळलेल्या विजयापत्रांचे पोते आले. आत प्लास्टिकचे अस्तर होते. वरची पाने उत्तम. म्हणून माल स्वीकारला. तीन आठवड्यांनी हात आत घातला तेव्हा मध्यभाग कोमट लागला आणि कुबट वास आला. साहाय्यक म्हणाले, "वैद्यराज, शोधन करायचेच आहे. पाण्याने धुऊन गाईच्या तुपात भाजले की दोष जाईल."

हा विचार क्षणभर मलाही पटला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु शोधन हे द्रव्याच्या स्वभावगत दोषासाठी आहे, कुजण्यासाठी नव्हे. बुरशी भाजून मरेल. तिने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिनसारखे विष पाण्यात फारसे विरघळत नाही आणि भर्जनाच्या सामान्य उष्णतेने पूर्णतः नष्ट होत नाही. नेदरलँड्समध्ये फुलोऱ्यावर गॅमा किरणांचा प्रयोग करतात. त्यानेही जंतू मरतात, आधी तयार झालेले विष भरवशाने जात नाही.

पोते नष्ट केले. मात्र वरच्या थरातून केलेले चूर्ण तोवर एका ग्रहणीच्या वृद्ध रुग्णास दिले गेले होते आणि त्यांचा अतिसार त्या पंधरवड्यात वाढला होता. कारण तेच होते असे सिद्ध करता येत नाही. नव्हते असेही मला म्हणता येत नाही. औषध थांबवले, त्यांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. ते एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी बघा." ते वाक्य अद्याप मनातून गेलेले नाही. रुग्ण कर्करोगाचा किंवा अवयवरोपण झालेला असता तर प्रसंग याहून कठीण झाला असता.

आपण काय करावे

१. माल घेताना पोत्याच्या मध्यातून व तळातून नमुना घ्यावा.

२. नमुना हवाबंद काचेच्या बरणीत लहान आर्द्रतामापकासह चोवीस तास एकाच तपमानात ठेवावा. आकडा ६५ च्या वर गेल्यास माल स्वीकारू नये. हे उपकरण स्वस्त आहे आणि ही परीक्षा कोणत्याही वाळलेल्या द्रव्यास चालते.

३. पावसाळ्यात हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडू नयेत. बाहेरची २७ अंशांची ९० टक्के दमट हवा २५ अंशांच्या खोलीत आली की संपृक्त होते. दार बंद ठेवून आर्द्रताशोषक यंत्र चालवावे.

४. पोती भिंतीस व जमिनीस टेकवू नयेत. चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधे पाणी, बाष्प, धूर, धूळ व उंदीर यांपासून दूर, शिंक्यावर ठेवण्यास सांगितले आहे. ते आजही अक्षरशः खरे आहे.

५. संशय येताच तपासणी करावी. बुरशी व किण्व प्रति ग्रॅम १००० च्या आत आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ दशलक्षात ०.५ भागाच्या आत, या आयुर्वेदीय फार्माकोपियातील मर्यादा आहेत.

कायद्याविषयी दोन शब्द. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार फुलोरा हा गांजा ठरतो. शेंड्यांविरहित पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. तथापि विनापरवाना लागवड, खोलीत असो वा शेतात, गुन्हाच आहे. महाराष्ट्रात भांगही दारूबंदी कायद्याच्या कक्षेत असल्याने आवश्यक परवाना व नोंदवही यांत हयगय नको. विजया अनुसूची 'ई-१' मध्ये असल्याने वेष्टनावरील सावधानतेची सूचनाही अनिवार्य आहे.

तात्पर्य, नाक व हात यांची परीक्षा टाकाऊ नाही, पण ती उशिरा बोलते. कुबट वास येतो तेव्हा बुरशीचे काम झालेले असते. आर्द्रतामापक तीन आठवडे आधी बोलतो. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी तो प्रत्येक भेषजागारात लागावा, एवढीच विनंती.