कोब्यावर सांडलेलें यंत्राचें तेल

गेल्या सुगींत आमच्या एका सभासदांच्या वस्तीवर सोयाबीनची ट्रॉली रिती होत असतां जॅकची नळी फुटली आणि बघतां बघतां बादलीभर तेल खळ्याच्या कोब्यावर पसरलें. गड्यानें चपळाई करून विहिरीवरचा पंप सुरू केला व सारी जागा धुऊन काढली. कोबा लख्ख दिसूं लागला. परंतु उतार विहिरीकडे होता. दुसरे दिवशीं पाण्यावर रंगीत तवंग दिसला व जनावरें त्यास तोंड लावीनात. पुढें त्याच कोब्यावर वाळविलेल्या धान्यास तेलाचा वास लागला, तो निराळाच. यांत गड्यास दोष देववत नाहीं. सांडलें कीं धुवावें, हीच आपल्या घरोघरची शिकवण. ती येथें उलटते. पाणी तेलास विरघळवीत नाहीं, वाहून मात्र नेतें.

प्रथम इंजिन बंद करावें. ट्रॉली वर राहिली असल्यास भक्कम टेकू दिल्यावांचून तिच्याखालीं कोणीं जाऊं नये. बारीक गळती शोधण्यास नळीवर बोट फिरविण्याची संवय तर अगदीं घातक होय. या नळ्यांतील दाब बहुधा दीडशे ते दोनशे बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या तितक्याच पटींनीं असतो. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून निघालेली धार कातडी भेदून आंत शिरते. जखम कांटा टोंचल्यासारखी दिसते, प्रथम दुखतही नाहीं, पण कांहीं तासांत हात गमावण्याची पाळी येते. तसें झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडितां शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. गळती पाहणें ती पुठ्ठा धरून, दूर राहून पाहावी.

मग सांडलेल्या तेलाभोंवतीं कोरड्या मातीचा बांध घालावा व वर लांकडाचा भुसा, राख किंवा बारीक कोरडी माती जाड पसरावी. खराट्यानें रगडून तासाभरानें उचलावी, आणि तेल येईनासें होईपर्यंत पुनः पसरावी. घाई येथेंच नडते. त्यानंतर धुण्याचा सोडा ऊन पाण्यांत कालवून ताठ कुंचल्यानें घांसावें. तें पाणीही मोरींत न सोडतां भुशानें टिपून घ्यावें. यंत्र मात्र आधीं कोरड्या चिंध्यांनीं पुसावें. टायरांवरचें तेलही राहूं देऊं नये, कारण त्यानें रबर मऊ पडून फुगतें.

जुना डाग कोब्याच्या छिद्रांत मुरलेला असतो. त्यावर चुनखडीची भुकटी सोड्याच्या दाट पाण्यांत कालवून बोटभर जाड लेप द्यावा, ओल्या गोणपाटानें झांकून सावकाश वाळूं द्यावा व खरवडून काढावा. एका लेपानें काम क्वचितच भागतें. कोणी पेट्रोल ओततात. त्यानें तेल पातळ होऊन अधिक खोल जातें व आगीचें भय वाढतें. कोणी तेजाब ओततात. तें तेलास कांहीं करीत नाहीं, सिमेंट मात्र खातें. धान्याचें खळें असल्यास वास पुरता जाईपर्यंत तेथें ताडपत्रीवांचून दाणा पसरूं नये.

तेलकट भुसा बंबांत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. तो झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत, गंजीपासून दूर ठेवावा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलें तेल घातक कचरा मानिलें आहे. तें व तेलकट भुसा परवानाधारक संकलकांसच द्यावा. मातींत मुरलें असेल तर तेवढी माती खणून काढावी. उरलेल्या किंचित तेलकट जमिनींत शेणखत घालून ती वरचेवर खणावी व ओलसर ठेवावी. हवा, ओल व नत्र मिळाल्यास सूक्ष्म जंतू महिनोन्महिने लागून तें तेल जिरवितात.

बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरपेटीचें व हायड्रॉलिकचें तेल एकच असतें, म्हणून गळतीनंतर पातळी तपासून त्याच जातीचें तेल भरल्याखेरीज यंत्र चालवूं नये. आणि यंदा जे नवा कोबा घालणार असतील, त्यांनीं गवंड्यास उतार विहिरीच्या उलट दिशेस काढण्यास सांगावें व टोंकाशीं घमेलाभर खड्डा ठेववावा.