चिखलातली ठेव
आपल्याकडे भाद्रपदात पाऊस ओसरू लागतो, तेव्हा सायबेरियाच्या टुंड्रातले बाकदार चोचीचे तुतवार दक्षिणेची वाट धरतात. त्यांच्यासाठीच गेल्या ऑक्टोबरात आम्ही आठ निवृत्त मंडळी रायबंदरहून फेरीबोटीने गोव्याच्या चोडण बेटावर गेलो. १९८८ साली जाहीर झालेले इथले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे.

ओहोटी लागली, मांडवीचा चिखल उघडा पडला आणि खारफुटीच्या कडेला तुतवार चोची खुपसत धावू लागले. भरती येईपर्यंत पोट भरायचे; तीच पुढल्या उड्डाणाची शिदोरी.

"पिलांना वाट कोण दाखवतं हो?" एका वहिनींनी विचारले.

कुणीच नाही. आईबाप आधीच निघून जातात. यंदा उन्हाळ्यात जन्मलेली पिले मागून, आपली आपणच येतात. वहिनींचा मुलगा परदेशी असतो. त्या बराच वेळ दुर्बीण खाली घेईनात.

माझे आयुष्य बँकेत गेले. ठेवीदार येतो तो पैसे असणारच या भरवशावर. पाखरेही तशीच येतात; त्यांच्याजवळ पासबुक तेवढे नसते. चिखलाला आपण पडीक जमीन म्हणतो, त्यावर भराव घालतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पिलाला 'खाते बंद झाले' हे कोण सांगणार?