हॉवेल्सन हिल: पोरांना उडायला शिकवणारी टेकडी

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वतरांगांत स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. बाजारपेठेच्या रस्त्यावरून यांपा नदी ओलांडली की समोरच हॉवेल्सन हिल उभी राहते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ जेमतेम 440 फुटांचा. तरीही उत्तर अमेरिकेतलं अखंड चालू असलेलं सर्वांत जुनं स्की केंद्र म्हणून तिची ख्याती आहे. 1915 पासून इथं स्की जंपिंग चालू आहे.

कार्ल हॉवेल्सन हा मूळचा नॉर्वेचा गवंडी. 1903 मध्ये त्यानं होल्मेनकोलेनच्या नामांकित स्की स्पर्धेत नाव कमावलं आणि 1905 मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथं बार्नम अँड बेली सर्कशीत ‘फ्लाइंग नॉर्समन’ म्हणून त्यानं उड्याही मारून दाखवल्या. 1913 च्या सुमारास तो स्टीमबोटला आला. बर्फात अडकून पडणाऱ्या या गावात लोक लांब लाकडी स्की वापरत, पण त्या ये-जा करण्यापुरत्या. हॉवेल्सननं त्याच स्कीवर खेळ उभा केला, पोरांना उड्या शिकवल्या आणि फेब्रुवारी 1914 मध्ये हिवाळी जत्रा भरवली. ती आजही भरते.

1915 मध्ये उड्यांसाठी वापरात आलेल्या या टेकडीनं लगेच रंग दाखवला. 1916 मध्ये रॅग्नार ओम्टव्हेटनं इथं 192 फूट 9 इंचांची उडी मारली. पुढच्याच वर्षी हेन्री हॉलनं 203 फूट गाठले. दोन्ही उड्या त्या काळचे विश्वविक्रम होते. 1917 मध्ये टेकडीला हॉवेल्सनचं नाव मिळालं. तो स्वतः 1922 मध्ये मायदेशी गेला आणि तिथंच राहिला. गावानं मात्र त्याची शिकवण सोडली नाही.

या टेकडीचं खरं वैभव विक्रमांत नाही, लहान-मोठ्या उतारांच्या चढत्या मांडणीत आहे. कुणालाही थेट मोठ्या उतारावर धाडत नाहीत. चिमुकल्यांसाठी बर्फाचा लहानसा उंचवटा पुरतो. तिथं गुडघे वाकवून, छाती मांड्यांजवळ आणून घसरायचं, उंचवट्याच्या कडेला नेमक्या क्षणी पाय ताणायचे, आणि उतरताना एक पाय पुढे, एक मागे ठेवून तोल सावरायचा. हातात काठ्या नसतात, टाचा स्कीला जखडलेल्या नसतात. हे अंगवळणी पडलं की पुढचा, थोडा मोठा उतार.

पाहणाऱ्याला वाटतं, खेळाडू आभाळातून कोसळतो आहे. प्रत्यक्षात खालचा उतार उडीच्या वाटेसारखाच वळवलेला असतो, त्यामुळे खेळाडू जमिनीपासून काही मीटरच वर असतो. तिरक्या उतारावर टेकताना धक्का कमी बसतो. उतार सपाट होऊ लागतो तिथं मात्र तोच धक्का जबर असतो. म्हणून प्रत्येक उताराचा आकार त्यावरून मारायच्या उडीच्या लांबीनुसार ठरवतात. पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी वेगळा उतार लागतो तो यासाठीच.

या शिस्तीची फळं मोठी आहेत. इथला गॉर्डन रेन 1948 च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये स्की जंपिंगमध्ये पाचवा आला. टॉड लॉडविक 1994 ते 2014 अशी सलग सहा ऑलिंपिक खेळला. जॉनी स्पिलेननं 2010 मध्ये व्हँकुव्हरला नॉर्डिक कंबाइंडमध्ये, म्हणजे उडी आणि लांब पल्ल्याचं स्कीइंग मिळून होणाऱ्या स्पर्धेत, तीन रौप्यपदकं मिळवली. त्यातलं पहिलं हे या खेळातलं अमेरिकेचं पहिलं ऑलिंपिक पदक. सांघिक रौप्यात लॉडविकही होता.

1970 च्या दशकात आगीत उड्यांचे मनोरे गेले; गावानं ते पुन्हा बांधले. टेकडी आजही नगरपालिकेच्या मालकीची आहे. उतारावर प्लॅस्टिकचं आच्छादन असल्यानं उन्हाळ्यातही सराव थांबत नाही. महिलांच्या स्की जंपिंगला ऑलिंपिकमध्ये जागा मिळायला 2014 साल उजाडलं. आता इथल्या उतारांवर मुली आणि मुलगे एकाच रांगेत उभे राहून आपल्या उडीची वाट पाहतात.